बिटरेटकाका

आमच्या सोसायटीत पाणी कधी येणार हे वॉचमनला विचारतात, लिफ्ट कधी सुरू होणार हे सेक्रेटरींना विचारतात आणि कॉम्प्युटरवर ब्लू-रे कशात लावायची हे कुणीच कुणाला विचारत नाही. विचारलं की ते ‘बी’ विंगच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं आणि मग रविवार हातचा जातो.

तिसऱ्या मजल्यावर बिटरेटकाका राहतात. आमची सोसायटी डोंबिवलीची, पण हे काका मुलुंडला, कोथरूडला, नाशिकलाही असतात. जिथे मुलं परदेशी गेल्याने एक खोली मोकळी झाली आहे, तिथे ते असतातच. ह्याच माणसाने तरुणपणी कॅसेट डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. त्यानेच पुढे व्हीसीआरचं ट्रॅकिंग एवढ्या निगुतीने जुळवलं की ते जुळेपर्यंत सिनेमाचा मध्यंतर व्हायचा. आता तो प्लेअर सॉफ्टवेअर निवडतो. निवडतो म्हणजे निवडत असतो. ‘निवडलं’ असं त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही.

काका बँकेतून निवृत्त झाले, क्लिअरिंगमधून. त्यामुळे ह्या निवडीचं एक लेजर आहे, लाल पाठीचं, खरंखुरं. डाव्या पानावर सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, किंमत, मेनू उघडतो का, आवाज किती चॅनलचा. उजव्या पानावर शेरा. ‘चित्र उत्तम, स्वभाव आगाऊ. दर वेळी नवी आवृत्ती घ्या म्हणतं.’ ‘फुकट, पण जाहिराती.’ ‘ड्राइव्हबरोबर फुकट आलेली आवृत्ती: आवाज दोनच चॅनलचा. मागचे स्पीकर शोभेला.’ आणि एका ठिकाणी नुसतंच, ‘नको.’

बिटरेट हा शब्द काकांना चिकटला तो त्यांच्या एका प्रवचनामुळे. घरात आलेल्या माणसाने ‘आम्ही ओटीटीवरच बघतो’ म्हटलं, की काका चष्मा कपाळावर चढवतात. ‘नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, फुल एचडीला पाच मेगाबिटचं कनेक्शन पुरे. पुरे! उपासाला राजगिऱ्याचा लाडूसुद्धा पुरतो. आमच्या ब्लू-रेवर नुसत्या चित्राला सेकंदाला चाळीस मेगाबिटपर्यंत मुभा आहे. एका थरात पंचवीस जीबी, दोन थर असले की पन्नास. का? लेसर ४०५ नॅनोमीटरचा! डीव्हीडीचा ६५०.’ गॅस सिलिंडर द्यायला आलेल्या पोऱ्यालाही हा आकडा पाठ आहे.

काकांची चेष्टा सगळेच करतात, पण त्यांचं दुखणं खोटं नाही. हा माणूस डिस्क रोख पैसे मोजून घेतो. ड्राइव्ह लॅमिंग्टन रोडला जाऊन, पावती घेऊन, पावतीवर दुकानाचा शिक्का मागून घेतो. आणि घरी येऊन डिस्क घातली की कॉम्प्युटर त्याच्याकडे चोर असल्यासारखा बघतो. विंडोजने स्वतःच्या प्लेअरमध्ये ब्लू-रे सिनेमा कधी लावून दिलाच नाही. विंडोज ८ पासून तर डीव्हीडीचंही काम अंगाबाहेर टाकलं. ॲपलने दारच उघडलं नाही. परवान्यांचं लचांड बघून स्टीव्ह जॉब्सने २००८ सालीच नाक मुरडलं होतं. डिस्कवरचा सिनेमा एएसीएस नावाच्या कुलपात असतो आणि किल्ली फक्त परवाना घेतलेल्या प्लेअरला मिळते. ती किल्लीही कायमची नव्हे. एखादा प्लेअर फुटला, गुपित बाहेर पडलं, की पुढच्या डिस्कांवर त्याचं नाव काळ्या यादीत. ती यादी डिस्कबरोबर येते आणि ड्राइव्हमध्ये घर करते. म्हणजे नवी डिस्क आत गेली, की कालपर्यंत चाललेला प्लेअर आज अस्पृश्य. एवढ्यात तळमजल्यावरचं इंजिनिअरिंगचं पोरगं तोच सिनेमा कुठूनसा उतरवून, एका क्लिकमध्ये, मांडी घालून बघत असतं. पैसे न देणाऱ्याला कुलूप नाही आणि देणाऱ्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, हा न्याय ज्याने काढला त्याला काकांसमोर तासभर बसवायला हवं.

म्हणून काका नवी डिस्क सहजासहजी आत घालत नाहीत. वाढदिवसाला कुणी दिली तर आधी तिच्या मागचं साल बघतात आणि ‘नंतर बघू’ म्हणून कपाटात ठेवतात. कपाटात सेलोफेन न काढलेल्या डिस्कांची एक पूर्ण फळी आहे.

भाच्याने त्यांना नवाकोरा, बाराव्या पिढीच्या प्रोसेसरचा संगणक द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तर घरात वातावरण तापलं. फोर-के डिस्क संगणकावर अधिकृतपणे लावायची तर प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची तिजोरी लागते आणि इंटेलने अकराव्या पिढीपासून ती घरगुती संगणकांतून काढून टाकली. ‘सातवी ते दहावी, एवढ्याच पिढ्या घराण्याचं नाव राखणाऱ्या,’ काका म्हणाले, ‘पुढचं सगळं दिवटं निघालं.’ भाचा स्वतः कुठल्या पिढीत बसतो ह्याचा विचार करत निघून गेला. काकांचा सातव्या पिढीचा संगणक टेबलाखाली पाटावर ठेवलेला असतो. फरशीच्या ओलीची भीती.

आणि मग आला ‘पथेर पांचाली’चा रविवार. न्यू जर्सीच्या मुलीने अपू-त्रयीचा संच पाठवला होता, तिथल्या क्रायटेरियन कंपनीने काढलेला. त्या संचामागची हकिकत काकांनी आम्हाला जिन्यातच ऐकवली. सत्यजित राय यांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या. वीस वर्षांनी बोलोन्याच्या कारागिरांनी त्या करपलेल्या रिळांना पुन्हा ओलावा देऊन, फ्रेम फ्रेम सुटी करून, वाचवता येईल तेवढं वाचवलं. हे सांगताना काकांचा आवाज कापरा होतो, आणि तो खरा असतो. मेगाबिटांच्या पलीकडे त्यांचं ज्याच्यावर प्रेम आहे ते कधीकधी असं जिन्यात दिसून जातं.

पण डिस्क अमेरिकन, म्हणजे रीजन ‘ए’. भारत रीजन ‘सी’. बंगालच्या खेड्यातला अपू भारतात लावायचा तर त्याला अमेरिकेचा व्हिसा. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये रीजन पाच वेळाच बदलता येतो. काकांचे चार बदल वापरून झाले होते आणि पाचवा त्यांनी राखून ठेवला होता. कशासाठी, हे लेजरमध्येही नाही. तेव्हा फुकटातला व्हीएलसी प्लेअर; तिथे ही मोजदाद नाही.

डिस्क बाहेर आली. काकांनी ती दोन बोटांत कडेने धरली, उजेडात तिरपी केली, जुन्या मलमली पंचाच्या तुकड्याने मधून बाहेर, मधून बाहेर, अशी सरळ रेषेत पुसली. गोल पुसायची नाही. ट्रे आत गेला. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पडद्यावर चौकट आली: किल्ल्यांची फाईल हवी. फाईल होती, पण ती ज्या फोल्डरात ठेवायची तो फोल्डर विंडोजने लपवलेला. तो उघडा पाडला. मग मेनूला जावा हवी. जावा होती, पण ३२ बिटांची आणि व्हीएलसी ६४ बिटांचा. जावा उतरवायला घेतली. पाचच मिनिटं, काका म्हणाले.

कांदाभजी संपली होती. काकू आतून चहा घेऊन आल्या आणि सतरंजीवर टेकल्या. ‘अहो, लागतंय का?’ ‘लागतंय.’ ‘बरं.’ मग त्यांनी आमच्याकडे वळून, हलक्या आवाजात, ‘पथेर पांचाली’ सांगायला सुरुवात केली. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिला होता म्हणे, खुर्च्या कमी म्हणून उभ्याने. ती खोडकर दुर्गा, तिने चोरलेली फळं, शेजारणीची कटकट, ती वाकलेली म्हातारी आत्या. काशाच्या पांढऱ्या फुलांतून दोघं भावंडं आगगाडी बघायला धावतात ते. मग पाऊस, दुर्गाचं पहिल्या पावसात भिजणं, ताप, ती वादळी रात्र. बाप शहरातून लेकीसाठी साडी घेऊन येतो आणि आईच्या हातात देतो, तिथे पोचेस्तोवर सेक्रेटरींनी चष्मा काढला होता. ‘ए’ विंगच्या वहिनी पदराने डोळे टिपत होत्या.

नेमकी त्याच क्षणी जावा बसली. मेनू उघडला, चित्र लागलं, आणि काकांनी पहिल्याच दृश्यावर ते थांबवलं. आकडेवारीची खिडकी उघडून त्यांनी ती पडद्याच्या मधोमध आणली. ‘बघा. आकडा बघा कसा नाचतोय. आणि हे कण दिसतात ना, हा मूळ फिल्मचा ग्रेन. स्ट्रीमिंगवर हा पुसून जातो.’ मग ते वळले आणि त्यांना आमचे ओले डोळे दिसले.

काका गहिवरले. ‘मी म्हणत होतोच,’ ते काकूंना म्हणाले, ‘ग्रेन नीट दिसला की माणूस हलतो.’ काकूंनी चहाचे कप गोळा केले.

त्या रात्री लेजरात नोंद झाली: ‘व्हीएलसी, जावा ६४ बिट. प्रेक्षक सद्गदित.’ शेरा प्रथमच अनुकूल. तेवढ्याने काका भलतेच उमेदीत आले. पुढच्या रविवारी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, अखंड, पावणेचार तासांच्या आसपास, अधिक आधी ‘थोडी जुळवाजुळव’ अशी चिठ्ठी त्यांनी लिफ्टशेजारी स्वतः लावली. सेक्रेटरींनी ती वाचली आणि तासाभरात शेजारी दुसरी चिठ्ठी लागली: त्याच दिवशी, त्याच वेळी, सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा. विषय, गच्चीवरची गळती. आमच्या सोसायटीत गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग चौघांत उरकते. त्या रविवारी दहा मिनिटं आधीच खुर्च्या कमी पडल्या, आणि गळतीवर एवढी सखोल चर्चा झाली की वॉटरप्रूफिंगवाल्याला दुसऱ्यांदा चहा पाजावा लागला.