मागचं पुसू नकोस

घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज एक फोटो काढायचा, आणि तोही साध्या, रोजच्या जगण्याचा, असा नेम मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर जाहीर केला. 'नेम जाहीर करायचा नसतो, पाळायचा असतो,' असं बायको म्हणाली. पण ती हे समूहावर म्हणाली नाही, स्वयंपाकघरात म्हणाली, त्यामुळे त्याची अधिकृत नोंद नाही. समूहावर चार-दोन अंगठे उमटले आणि एका मामांचे नमस्काराचे हात आले. मामा निधनाच्या बातमीलाही तेच हात पाठवतात, त्यामुळे त्यांना नेमकं काय वाटलं ते कळलं नाही.

शरद ऋतूच का, तर शरदातला उजेड वेगळा असतो. हे वाक्य मी इतक्यांदा म्हणालो की शेवटी दूधवाल्यानेही मान डोलवायचं सोडलं. पण ते खोटं नाही. पाऊस परतीला लागला की हवा धुऊन निघालेली असते. २३ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे सरकतो, दुपारचं ऊन तिरपं होत जातं आणि आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत शिरायला लागतं. दसऱ्याला ते कठड्याजवळच्या फरशीवर असतं, दिवाळीत दुसरी फरशी ओलांडतं. हे ज्ञान अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते गॅलरीत बसतात आणि ऊन पायाशी आलं की एका फरशीने खुर्ची मागे घेतात. मी ते 'माझं निरीक्षण' म्हणून समूहावर टाकलं. मामांचे हात आले.

फोटो काढायला हल्ली फोन पुरतो, पण फोटोग्राफर दिसायला फोन पुरत नाही. म्हणून मी जुन्या बाजारातून एक खाकी, बिनबाह्यांचं, जागोजागी खिसे असलेलं जाकीट आणलं. युद्धभूमीवर जाणारे पत्रकार घालतात तसलं. इतक्या खिशांत ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. एका खिशात चष्मा पुसायचं फडकं, एकात ॲसिडिटीच्या गोळ्या, एकात रिक्षासाठी सुटे पैसे, आणि बाकीचे खिसे अनुभवासाठी मोकळे. ऑक्टोबरच्या उन्हात ते जाकीट घालून मी सकाळी नऊला जिना उतरलो की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, 'गॅसची पाइपलाइन येणार म्हणे, कधी येताय तपासायला?' त्या मला तीस वर्षं ओळखतात.

पहिले काही फोटो मी घरातच काढले आणि त्यांना नावं दिली. किसणीच्या फोटोला 'अस्तित्वाचे कंगोरे'. दाराबाहेरच्या चपलांना 'निर्गमन'. दोरीवर वाळणाऱ्या माझ्याच बनियनला 'उरलेला मी'. यावर मावशीने लिहिलं, 'छान. किसणीला कडेने गंज धरलाय, बदलून टाका.' बनियनबद्दल कोणीच काही लिहिलं नाही. मोठी कलाकृती समोर आली की समाज असाच मुका होतो.

रोजच्या जगण्याची खोड अशी की फोन पुढे केला की ते आवरून बसतं. खुर्चीवरचा ओला टॉवेल किती सुंदर पडला आहे म्हणून मी वाकावं, तर बायको तो उचलून नेते. 'लोक बघतील!' अहो, लोकांनी बघावं म्हणूनच तर! कोपऱ्यावरचा चहावाला मला बघून आधी गाडी पुसायचा, मग केस नीट करायचा, मग उदबत्ती लावायचा, आणि त्यानंतर आधार कार्डावरच्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत उभा राहायचा. तेवढ्यात मागे दूध उतू जायचं. त्या उतू गेलेल्या दुधाचा एक फोटो माझ्याकडे आहे, पण त्यातही तो हात बांधून समोर उभा आहे.

इथे फाळके आले पाहिजेत. बायकोच्या मते ते कुठेच यायला नको होते, पण माझा इलाज नाही, मला दादासाहेब फाळके फार आवडतात. १९१२ साली ते लंडनहून सिनेमाची विद्या शिकून आले आणि तिथला कॅमेरा मागवून घेतला. आता चित्रपट काढायचा तर भांडवल हवं, आणि भांडवलवाल्यांना आधी काहीतरी दाखवायला हवं. दुसऱ्या कोणी घोड्यांची शर्यत दाखवली असती, आगगाडी दाखवली असती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोखला आणि त्या वाटाण्याचा कोंब कसा येतो, वेल कसा वर चढतो, हे दिवसामागून दिवस टिपत बसले. त्याचा छोटा चित्रपट झाला, 'अंकुराची वाढ'. तो निवडक लोकांना दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि पुढल्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

कल्पना करा. पुढे अख्ख्या देशाचा सिनेमा ज्या माणसापासून सुरू झाला असं म्हणायचं, तो माणूस दादरच्या घरात रोज उठून वाटाण्याकडे बघतो आहे. शेजारी काय म्हणत असतील? आणि मला छळणारा एक हिशेब आहे. सांगतात असं की ते रोज एक चित्र घेत. पण त्या काळी पडद्यावर सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं सरकत. म्हणजे महिनाभराचा वाटाणा दोन सेकंदांत उगवून संपला असता. दोन सेकंद बघून कोणी पैसे देतो का? तेव्हा ते रोज पुष्कळच चित्रं घेत असणार. मी हा हिशेब बायकोला रात्री साडेअकराला उठवून सांगितला. ती म्हणाली, 'सरस्वतीबाईंबद्दल काही हिशेब आहे का?' आहे ना. फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई करत, 'हरिश्चंद्रा'च्या वेळी सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडे होता, आणि दागिनेही त्यांनी काढून दिले. 'मी चार्जर देते,' असं म्हणून तिने कूस बदलली.

तर मीही कुंडीत वाटाणे पेरले. डब्यातले, उसळीचे. कुंडीसमोर स्टूल, स्टुलावर ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वरीला टेकून फोन. पण फाळक्यांच्या दादरला आमच्या पुण्याइतकी कबुतरं नसावीत. अंकुर वर यायच्या आतच त्यांनी माझा चित्रपट उकरून खाल्ला. त्याचाही फोटो काढला असता, पण फोन ज्ञानेश्वरीवरून घसरून कुंडीत पडला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र मी मंडईत गेलो. त्या दिवशी मंडईच्या भोवती जे पिवळं-केशरी उसळतं त्याचं वर्णन पुणेकरांपुढे काय करायचं. एका बाईंनी ताडपत्रीवर झेंडूचा ढीग घातला होता, मागे टेम्पो, वर तिरपं ऊन. मला हवं ते सगळं एकाच चौकटीत होतं. मी जाकीट सावरत उकिडवा बसलो, गुडघे वाजले, फोन पुढे धरला. तेवढ्यात त्या बाईंनी ताडपत्रीची दोन टोकं उचलली. 'उचलते साहेब, उचलते, लगेच उचलते.' बरोबरची मुलगी पळत जाऊन दुसरी टोकं धरायला लागली. फुलं मधे गोळा झाली, काही रस्त्यावर सांडली. त्यांना मी अतिक्रमणवाला वाटलो होतो.

मी नाही नाही म्हणत उठलो. फक्त फोटो काढतोय, असं सांगितलं. त्यावर त्यांचा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं होतं. पण त्या चिडल्या. 'मग आधी बोलायचं ना! रात्री दोनला निघालोय सासवडकडनं.' ताडपत्री परत पसरायला त्यांना वेळ लागला, कारण ढीग पुन्हा तसा रचावा लागतो, ताजी फुलं वर, दबलेली खाली. मीही रस्त्यावरची फुलं वेचली. माझ्या शरदातल्या उजेडाचा मला त्या क्षणी मनापासून राग आला. हौसेने रोजचं जगणं बघायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या रोजच्या जगण्यात असा दिसत असेल, हे मी धरलंच नव्हतं. दोन किलो झेंडू घेतला, भाव केला नाही. तेवढ्याने फुलं पुन्हा रचली जात नाहीत, हेही कळत होतं. जाकीट तिथेच काढून पिशवीत कोंबलं.

घरी आल्यावर अप्पांनी फोन मागितला. रोजचा फोटो ते संध्याकाळच्या चहाबरोबर बघतात, हे माझ्या तोवर फारसं लक्षात आलं नव्हतं. झेंडूचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, मग आणखी मोठा. 'ही उठतीय का? आणि पोरगी पळतीय कुठं?' मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, 'किलोला काय लावला होता?'

अप्पा पावसाळ्याआधी जिना उतरले ते शेवटचे. तीन मजले, लिफ्ट नाही. पुनर्विकासाच्या सभा इतकी वर्षं चालू आहेत की बिल्डर अजून ठरला नसला तरी लिफ्टमधल्या आरशाचा आकार ठरला आहे. निवृत्तीनंतर अप्पांचा रोजचा कार्यक्रम म्हणजे मंडईत जाऊन भाव काढून येणं. घ्यायचं काही नाही. फक्त कोथिंबीर कुठवर गेली, गवार कोणाकडे कोवळी आहे, कोणाचा मुलगा गाळ्यावर बसायला लागला, हे बघून यायचं. आता ते सगळं माझ्या फोटोंतून काढायचा त्यांचा प्रयत्न होता, आणि मी त्यांना किसणी दाखवत होतो.

खरा स्फोट आपट्याच्या पानांवरून झाला. पानं विकणारा एक म्हातारा मी पोर्ट्रेट मोडमध्ये टिपला होता. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती लख्ख, आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. माझ्या मते तो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम फोटो होता. अप्पांनी बोटं ताणून ताणून बघितलं.

'हे मागचं काय झालं?'

'ते मुद्दाम पुसट केलंय, अप्पा. नजर चेहऱ्यावर राहावी म्हणून.'

'माझी नजर कुठं राहावी ते तू ठरवणार? मागे तो पेरूवाला बसतो. बसतो की नाही? आहे का तो अजून?'

'असेल की.'

'असेल काय? तू तिथं होतास ना? मागचं पुसू नकोस यापुढे. आणि ही पानं आपट्याची नव्हेत, कांचनाची आहेत. आपट्याचं पान लहान असतं आणि जाड. फसवलंय तुला.'

मी तो फोटो समूहावर टाकला. खूप कौतुक झालं. मामांनी हातांबरोबर एक फूलही पाठवलं. पण माझ्या डोक्यात पेरूवाला बसला होता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. होता.

तेव्हापासून माझी कला खालावत गेली. अप्पा सकाळीच कामं सांगू लागले. 'ओंकारेश्वराच्या पुलावरून पाणी किती आहे ते घे.' 'मंडईचा मनोरा कापतोस तू दर वेळी. १८८६ पासून उभाय, तुझ्याच फोटोत मावत नाही?' 'सीताफळं आली असतील, पण फोटोत तराजूचा काटा दिसू दे.' मी तिरपा उजेड धरून सीताफळांच्या खवल्यांवरच्या सावल्या टिपून आणायचो आणि ते कडेला चुकून आलेल्या माणसाच्या अर्ध्या पाठीवर बोट ठेवून म्हणायचे, 'हा रास्ते वाड्याजवळचा प्रेसवाला. बारीक झालाय.' मी ज्याला फोटो म्हणत होतो ते त्यांना बघायचंच नव्हतं. माझ्या हातून कडेकडेने निसटून जे आत शिरलं होतं, तेवढंच ते बघत होते. माझ्या नावे काढलेल्या प्रदर्शनात लोकांनी भिंतीच्या रंगाचं कौतुक करावं, अशी माझी गत झाली. पण काय करणार, प्रेक्षक एकच होता आणि तो रोज येत होता.

बायकोही सामील झाली. 'येताना कढीपत्त्याचा फोटो काढण्यापेक्षा कढीपत्ता आणा.'

दिवाळीच्या आधी एकदा आकाशकंदिलांचा एक फोटो खरोखर चांगला आला. रविवारची संध्याकाळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंदील, खाली गर्दी, आणि मधोमध डोक्यावर मोठ्ठा पांढरा कंदील घेऊन चाललेला एक मुलगा. मागचं काही पुसलं नव्हतं. मी तो अप्पांपुढे धरला आणि अगदी राहवेना म्हणून विचारलं, 'भाव, माणसं, मागचं, सगळं बाजूला ठेवा. फोटो म्हणून कसा आहे?'

अप्पांनी चष्मा वर केला, खाली केला. 'फोटो? बरा आहे की.' मी सुखावलो. मग त्यांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. 'हा टेम्पो अर्धाच घेतलास. त्याच्या मागे काय लिहिलंय?'

'अप्पा, टेम्पोच्या मागे काय असणार!'

'अर्धं वाचता येतंय म्हणून तर विचारतोय.'

मी पुन्हा तीन मजले उतरलो. टेम्पो निघून गेला होता. हे वर जाऊन सांगायचा धीर होईना, म्हणून पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्याच टेम्पोच्या मागचा फोटो काढला. रंग तोच, मजकूरही असाच काहीतरी आईच्या आशीर्वादाचा. अप्पांनी तो दोन बोटांनी मोठा केला, नीट वाचला आणि फोन परत दिला.

'हा तो नव्हे. त्याचं मागचं चाक गुळगुळीत होतं.'