आयडिया लै, गिऱ्हाईक न्हाई

परभणी जिल्ह्यात धंद्याची कल्पना सुचायला हुशारी लागत नाही. चपला घालून बाहेर पडलं की पुरतं. नऊ तालुक्यांत कुठंही जा, दहा पावलांवर एक अडचण उभी असते आणि प्रत्येक अडचणीवर ॲप काढता येतं. निदान माझ्या भाच्याचं तसं म्हणणं आहे. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. नेमकं काय, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, त्या अर्थी पगार चांगला असावा. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तसा तो परभणीला आला. सोबत लॅपटॉप आणि एक जाड वही. वहीवर ‘निरीक्षणं’ असं लिहिलेलं. मोठमोठे धंदे बारीकसारीक वैतागातून जन्माला येतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. वैतागाच्या बाबतीत आपला जिल्हा स्वयंपूर्ण आहे, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही.

पहिलं निरीक्षण स्टेशनवरचं. परभणीहून मनमाडच्या दिशेनं निघालं की रूळ एकच. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला कुठं थांबायचं, ते आपापल्या नशिबावर. पेडगाव, मानवत रोड, ढेंगळी पिंपळगाव, सेलू. जन्मात कधी ढेंगळी पिंपळगावला न उतरलेल्या माणसाला तिथल्या फलाटावरचं प्रत्येक झाड ओळखीचं असतं, ते या क्रॉसिंगच्या कृपेनं. भाचा म्हणाला, “मामा, गाडी क्रॉसिंगला थांबली की चहा, भेळ, चार्जर, सगळं सीटवर आणून देणारं ॲप.” मी म्हटलं, बाबा, चहावाला ॲपच्या आधी येतो. गाडी थांबायच्या आधी येतो. सिग्नल लाल होणार हे त्याला ड्रायव्हरच्या अगोदर कसं कळतं, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

पण भाचा वाचून आलेला होता. गाडी नेमकी कुठवर आली, या एका वैतागातून बंगळुरूच्या सिग्मॉईड लॅब्सनं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप काढलं. इंटरनेट नसलं तरी मोबाइलच्या टॉवरवरून ते गाडीचा ठावठिकाणा सांगतं. २०१८ च्या डिसेंबरात गूगलनं ती कंपनीच विकत घेतली. वहीत हे लाल शाईनं लिहिलेलं आहे. आमच्या फलाटावर मात्र ज्याच्या हातात ते ॲप उघडं आहे तोसुद्धा शेजारच्याला विचारतो, “गाडी कुठं आली हो?” कारण ॲप गाडीचं सांगून गप्प बसतं. शेजारचा गाडीचं सांगतो आणि मग तुम्ही कुठं चाललात, कोणाकडं, त्यांची सोयरीक कोणत्या गावची, ती मोडली होती ना, मोडली ती कशामुळं, इथपर्यंत जातो. तासभराचा लेट कमी पडतो कधी कधी.

गाडीतच त्याला आणखी एक आयडिया सुचली, आणि मला ती अजूनही सगळ्यांत टिकाऊ वाटते. परप्रांतातला कुठलाही सहप्रवासी “कहाँ से हो?” विचारतो, आपण “परभणी” म्हणतो आणि तो ताबडतोब, जगात आपणच पहिल्यांदा म्हणतोय अशा आनंदानं म्हणतो, “बनी तो बनी, नहीं तो परभणी!” आपण हसायचं असतं. दर खेपेला हसायचं असतं. भाच्याचं म्हणणं, या म्हणीवर स्वामित्वधन लावावं. म्हणणाऱ्यानं जागेवर कोड स्कॅन करून पाच रुपये द्यायचे. एवढ्या एका योजनेवर जिल्ह्यातले सगळे रस्ते दोनदा होतील. यात खर्च काही नाही, कच्चा माल फुकट, आणि मागणी कधी संपणारी नाही. फक्त वसुली कशी करायची, एवढ्यापाशी ते अडलं.

मग आला नळ. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं: येणार हे नक्की, कधी ते नाही. भाच्यानं वहीची तीन पानं भरली. पाणी सोडणाऱ्यानं व्हॉल्व्ह फिरवला की गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर घंटी वाजेल. ही कल्पना नवीन नाही, हेही त्याला शोधाशोध करताना कळलं. आपल्या शेजारच्याच हुबळी-धारवाडमध्ये अमेरिकेतल्या बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी २०१०-११ च्या सुमाराला ‘नेक्स्टड्रॉप’ नावाची अशी सेवा सुरू केली होती. व्हॉल्व्ह उघडणारा फोन करून कळवायचा आणि घरोघरी एसएमएस जायचा. पुढं ती बंगळुरूला गेली. बर्कलेच्याच अभ्यासकांनी तिथं तपासून पाहिलं, तर सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा निघाला: व्हॉल्व्हमननं कळवलं की नाही. त्याच्या मागं घर, पोरंबाळं, दुसरी कामं. कळवणं राहून जायचं. सगळी यंत्रणा बर्कलेची, पण किल्ली त्याच्याच खिशात.

आमच्या गल्लीत हे संशोधन अगोदरच झालेलं आहे. पाणी सोडणारा कोणत्या बोळातून येतो, त्याची सायकल कोणत्या हॉटेलापुढं उभी असते आणि ती तिथून हलली की किती वेळानं नळ गुरगुरतो, हे सगळं कोपऱ्यावरच्या काकूंना ठाऊक असतं. काकू गच्चीवरून एकदाच ओरडतात, “नळ आले गं!” त्या एका हाकेसरशी चाळीस घरांतल्या टिल्लू मोटरी सुरू होतात. भाच्यानं काकूंना ॲपमध्ये ‘भागीदार’ व्हायची गळ घातली. काकू म्हणाल्या, “मी मोबाइलवर कळवीन रे, पण मग माझी स्वतःची टाकी कोण भरील?” हा प्रश्न बर्कलेवाल्यांनाही सुटला नव्हता.

ट्रॅक्टरचं थोडक्यात सांगतो. महिंद्रानं २०१६ मध्ये ‘ट्रिंगो’ काढलं होतं, फोनवर ट्रॅक्टर भाड्यानं. भाच्याला वाटलं, आपण जिल्ह्यापुरतं करू. आमच्या गावचा ट्रॅक्टरवाला टपरीवर बसलेला असतो. त्याला हात केला की बुकिंग होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. भाव दिसतो, वेळ दिसते, पैसे आगाऊ जमा होतात. तो म्हणाला, “हे समदं ठीक हाय. ‘सोयाबीन विकल्यावर देतो’ हे बटण कुठं हाय?” भाच्यानं वही मिटली. उधारीचं बटण अजून जगात कुणालाच नीट बनवता आलेलं नाही. ज्यांनी ज्यांनी बनवलं त्यांचे वसुलीवाले नंतर दारात आले. आणि ज्याला भाडंच परवडत नाही त्याच्यासाठी इर्जिक होतीच की. सगळ्यांनी आपापली बैलजोडी घेऊन एकाच्या वावरात जायचं, दिवसात नांगरट उरकायची, मालकानं जेवू घालायचं. आता बैलच राहिले नाहीत, आणि जेवायला कुणाला सवड नाही.

हवामानावर मात्र भाचा बरेच दिवस रेंगाळला, आणि त्याला कारणही तसंच आहे. रोजच्या निरीक्षणातून काय उभं राहू शकतं याचा सगळ्यांत मोठा नमुना आमच्याच जिल्ह्यात राहतो. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख. मावळतीला आभाळ तांबडं झालं का, दिव्यावर किडे गोळा झाले का, चिमण्या धुळीत लोळल्या का, असल्या खुणा ते सांगतात; व्हॉट्सॲपवरून त्यांचा अंदाज वाऱ्याच्या आधी गावात पोचतो. हवामानशास्त्रज्ञ त्यांच्यावर नाराज, शेतकरी त्यांच्या शब्दावर पेरणी ठरवणारे. २०२४ ला तर ते वंचित बहुजन आघाडीकडून परभणीची लोकसभाही लढले. तिथं मात्र अंदाज मतदारांनी ठरवला.

दुसरीकडं १९७२ साली स्थापन झालेलं आमचं कृषी विद्यापीठ आहे. त्यांचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. शास्त्रशुद्ध असतो, जबाबदारीनं लिहिलेला असतो. त्यात ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ असते. शेतकऱ्याचा प्रश्न एवढाच असतो की त्या तुरळक ठिकाणांत माझं वावर आहे का. डख यांच्या धंद्याचं गुपित, माझ्या मते, किड्या-चिमण्यांत नाही. ते तारीख सांगतात. ‘शक्यता आहे’ म्हणणारा खरा असला तरी त्याला चहा कुणी पाजत नाही. ‘पडणार’ म्हणणाऱ्याला पाजतात.

भाच्यानं दोन्हींच्या मधलं काढायचं ठरवलं. गट नंबर टाकायचा, आपल्याच वावराचा अंदाज मिळेल. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ विजेचा इशारा देतं, ‘मेघदूत’ शेतीचा सल्ला देतं, तसं हे तिसरं. पेरणीचा नियम विद्यापीठानं दिलेला आहेच: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ॲप तेवढे मिलिमीटर मोजेल आणि ‘पेरा’ म्हणेल. मी त्याला जूनमध्ये गावी घेऊन गेलो. एक बरा पाऊस होऊन गेला होता. सगळे बांधावर उभे, सगळ्यांच्या खिशात मोबाइल, कुणी मोबाइलकडं बघत नव्हतं. सगळे एकाच्या वावराकडं बघत होते. त्यानं तिफण बाहेर काढली, आणि दुपारपर्यंत शिवारात सगळ्यांच्या तिफणी चालू झाल्या. त्याला जाऊन विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, “मी कुठं पेरायलोय? तिफण दुरुस्तीला न्यायलो होतो.”

पुढच्या पावसानं सगळ्यांना सांभाळून घेतलं, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते.

हिवाळ्यात हुरड्याचं निघालं. विद्यापीठानं ‘परभणी वसंत’ हा खास हुरड्यासाठीचा ज्वारीचा वाण काढलेला आहे, म्हणजे माल घरचाच. भाच्याला तो भाजून, डबाबंद करून पुण्यात पाठवायचा होता. हुरडा आगटीशेजारी बसून, हात पोळत, फुंकर मारत, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचा असतो. डब्यातून तासाभरानं निघते ती ज्वारी. आमचे लोक त्याला काहीच बोलले नाहीत. त्यांनी त्याला भरपूर हुरडा खाऊ घातला आणि घरी पाठवलं. जाताना त्यानं पैसे विचारले तर सगळ्यांना वाईट वाटलं.

आगटीवरूनच तो गवऱ्यांवर आला. आगटीत गवऱ्या असतात, आणि गवऱ्या ऑनलाइन विकल्या जातात हे त्याला माहीत होतं. २०१५ च्या सुमारास ॲमेझॉनवर डझनाच्या हिशेबानं, नीट गुंडाळलेल्या गवऱ्या विकायला आल्या तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या होत्या. २०२१ च्या जानेवारीत तर एका गिऱ्हाइकानं मागवलेली गवरी खाल्ली, चव आवडली नाही असा शेरा तिथं लिहिला, आणि तो शेरा देशभर फिरला. भाच्याला त्यात बाजारपेठ दिसली. मला त्यात त्या माणसाच्या घरचे दिसले.

शिवाय गवऱ्यांसाठी गंगाखेडसारखं नाव जगात दुसरं नाही. गंगाखेड हे जनाबाईंचं जन्मगाव, आणि जनाबाईंच्या गवऱ्यांची गोष्ट आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. कबीर जनीला भेटायला आले तर ती दुसऱ्या बाईशी भांडत होती. गवऱ्या चोरीला गेलेल्या. ढिगातल्या हिच्या कोणत्या आणि तिच्या कोणत्या, हे ओळखायचं कसं? जनी म्हणाली, कानाला लावून बघा, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती माझी. काळाचा हिशेब मांडला तर दोघांत शंभरेक वर्षांचं अंतर पडतं, पण कथेला जन्मदाखला मागायचा नसतो. भाचा ही गोष्ट ऐकून ताडकन उठला. “मामा, अस्सल मालाची खात्री! सातशे वर्षांपूर्वी!” त्याला प्रत्येक गवरीवर कोड छापायचा होता. स्कॅन केला की फोनमधून विठ्ठलाचा गजर.

माझी एक मावशी गंगाखेडजवळच्या खेड्यात राहते. वय ऐंशीच्या घरात, दारात दोन म्हशी. उन्हाळाभर थापलेल्या गवऱ्यांची रास गोठ्यामागं रचलेली. गावात महादेवाचा भंडारा असला की रोडगे भाजायला गवऱ्या हिच्याकडून जातात आणि बदल्यात रोडगा-वरण घरी येतं. भाच्यानं तिच्यापुढं लॅपटॉप उघडला. ती पदरानं हात पुसत बसली.

“पुण्याचा माणूस डझनभर गवऱ्यांचं काय करील रे?”

“पूजा, होम. कुणी होळीला घेतात.”

“आन् फुटल्या तर?”

“पैसे परत.”

“कुणाचे?”

“आपले.”

मावशीनं लॅपटॉप हळूच त्याच्याकडं सरकवला. “माझी गवरी फुटली तर ती अर्धी होती, पैसे कसे परत होतेत?” मग तिनं विचार केला आणि म्हणाली, परत आलेली गवरी मी चुलीत घालीन, पण पैसे द्यायची न्हाई. भाच्यानं ते मान्य केलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याशी अटींवर बोलत होतं.

मग त्यानं खोक्याचं चित्र दाखवलं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर जनाबाई, डोक्यावर टोपली, मागं विठ्ठल. मावशी एकदम तापली. “जनीला खोक्यावर छापतो? लोक खोकं फाडून उकिरड्यावर फेकतील. तिच्या तोंडावर कुणाचा पाय पडला म्हंजे? ती काय तुझ्या दुकानात कामाला हाय?” ज्या बाईचं दळण दळायला देव स्वतः यायचा तिला भाच्यानं जाहिरातीला लावावं, हे तिला अजिबात पटलं नाही. कोडातून विठ्ठल ऐकू येण्याचंही तिनं रद्द केलं. फोन माणसं कुठंकुठं घेऊन जातात हे तुला ठाव न्हाई का, म्हणाली.

“मग खोक्यावर काय छापू, आज्जी?”

मावशी उठून आत गेली. बराच वेळ आतून पेटीचं झाकण वाजत राहिलं. ती बाहेर आली ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, गळ्यात बोरमाळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गवऱ्यांच्या राशीशेजारी जाऊन उभी राहिली, चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि भाच्यानं मोबाइल वर केला तसा तिनं हातानं तो अडवला.

“आधी शंभर गवऱ्यांचे पैसे ठेव. फोटूचे मागून बघू.”