साहेबाचा टोप

जुन्या टीव्ही मालिकांतले नवरे कामाला जातात, पण तिथे जाऊन करतात काय, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. सकाळी ब्रीफकेस उचलून निघायचं आणि संध्याकाळी दारातूनच 'मी आलो गं' अशी हाळी द्यायची. मधले आठ तास गुलदस्त्यात. १९५०च्या दशकातल्या अमेरिकी कौटुंबिक मालिकांची हीच रीत होती. 'ओझी अँड हॅरिएट'मधल्या ओझीने तर कमालच केली. मालिका चौदा वर्षं चालली, पण हा गृहस्थ पोटापाण्यासाठी काय करतो हे कोणी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. बरं, बघावं तेव्हा स्वारी घरीच! असा माणूस आपल्या सोसायटीत राहायला आला असता, तर पहिल्याच आठवड्यात वॉचमनने त्याची कुंडली काढून तळमजल्यावरच्या काकूंच्या हवाली केली असती.

म्हणूनच 'द डिक व्हॅन डाइक शो' मला पहिल्यापासून जवळचा वाटत आला आहे. ३ ऑक्टोबर १९६१ ते १ जून १९६६ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर या मालिकेचे १५८ भाग झाले. त्यातल्या रॉब पेट्रीला नोकरी आहे, आणि ती आपल्याला दिसते. घर न्यू रोशेलला, ऑफिस न्यूयॉर्कमध्ये. काम म्हणजे 'ॲलन ब्रेडी शो' नावाच्या टीव्ही कार्यक्रमासाठी विनोद लिहायचे. हाताखाली, म्हणजे खरं तर डोक्यावर, दोन सहकारी आहेत. एक बडी सोरेल, जो तोंड उघडलं की कोटीच करतो. दुसरी सॅली रॉजर्स, जी त्याच्या दोन पावलं पुढे. एका खोलीत तिघं, एक सोफा, एक पियानो आणि एक टाइपरायटर.

विनोद लिहिण्याचं काम बघायला अजिबात विनोदी नसतं, आणि ही गोष्ट या मालिकेला पक्की ठाऊक होती. बडी सोफ्यावर आडवा पडलेला असतो. सॅली टाइपरायटरसमोर बसलेली. रॉब येरझाऱ्या घालतोय. कोणीतरी काहीतरी सुचवतं आणि बाकीचे दोघं तोंड वाकडं करतात. पुन्हा येरझाऱ्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, ही तीन माणसं पगार घेऊन टिवल्याबावल्या करताहेत. मी स्वतः सदरं लिहीत आलो असल्याने हे दुःख मला तोंडपाठ आहे. माणूस पंख्याकडे बघत विचार करत असतो. त्याच क्षणी घरातून आवाज येतो, "अहो, नुसते बसलाच आहात, तर गिरणीतून दळण घेऊन या." रॉबला नुसतं बसायला वेगळी खोली होती आणि त्याचा पगारही मिळत होता. मला त्याचा हेवा वाटतो तो एवढ्यापुरताच; बायकोच्या बाबतीत मी काही बोलत नाही, कारण हा लेख घरीही वाचला जाणार आहे.

त्या ऑफिसात मेल कूली नावाचा एक निर्माता आहे. गुळगुळीत टक्कल, चेहऱ्यावर कायम करारी गांभीर्य, आणि नेमणुकीचं कारण उघड : तो ॲलन ब्रेडीचा नातेवाईक. साहेबाचा मेव्हणा! तीन लेखकांच्या ऑफिसातही त्याच्यासाठी खुर्ची निघालीच. तो आत आला रे आला की बडी त्याच्या टकलावर घसरतो, आणि मेल बिचारा एका शब्दात निषेध नोंदवून निघून जातो. पाच वर्षं हा नेम चुकला नाही. सरकारी कचेरीतसुद्धा इतकं सातत्य दिसत नाही.

खुद्द ॲलन ब्रेडी मात्र सुरुवातीला दिसतच नाही. कधी नुसता आवाज, कधी पाठमोरं डोकं. बऱ्याच भागांनंतर तो तोंड दाखवतो, आणि तेव्हा कळतं की हा तर कार्ल रायनर, या मालिकेचा जन्मदाता. त्यामागची गोष्ट गमतीची आहे. रायनरने १९५०च्या दशकात सिड सीझर या विनोदवीराच्या कार्यक्रमात नट म्हणून काम केलं. तिथल्या लेखकांच्या गोतावळ्यात मेल ब्रूक्ससारखी माणसं असायची, आणि रायनरही त्यांच्यात जाऊन बसायचा. राहायचा न्यू रोशेलला, ४८ बॉनी मेडो रोड. मग त्याने ठरवलं की आपल्याला जे माहीत आहे तेच लिहायचं : शहरातलं लेखकांचं ऑफिस, उपनगरातला संसार, आणि दोन्हींमधली आपली ओढाताण. तेरा भाग एकहाती लिहून काढले. नायक अर्थात स्वतःच. नमुन्याचा भाग 'हेड ऑफ द फॅमिली' या नावाने १९६० मध्ये दाखवला गेला आणि त्याला कोणी विचारलं नाही.

शेल्डन लेनर्ड या निर्मात्याने मग निदान केलं. लेखन उत्तम आहे, फक्त नायक बदला. म्हणजे रायनरच्या स्वतःच्या आयुष्यात, स्वतःच्या भूमिकेसाठी, रायनर शोभत नव्हता! दुसरा कोणी असता तर कागद फाडून घरी गेला असता. याने ब्रॉडवेवर गाजत असलेल्या डिक व्हॅन डाइक या उंच, काटकुळ्या, रबरासारख्या नटाला आपलं घर, आपली नोकरी, आपली बायको सोपवली. घराचा पत्तासुद्धा दिला, फक्त आकड्याच्या आधी एक 'एक' जोडून. पेट्री कुटुंब राहतं १४८ बॉनी मेडो रोडवर. आणि पुढे स्वतः साहेब होऊन त्याच नायकावर डाफरायला तो मोकळा झाला. नायकपद गेल्याची भरपाई म्हणून हे काही वाईट नाही.

रायनरचा लेखकांकडे एकच आग्रह असे : घरी काय झालं ते सांगा. कोणाचं बायकोशी भांडण झालं, कोणाच्या मुलाने शाळेत काय दिवे लावले, कोणाच्या सासूबाई किती दिवस राहिल्या. ते सगळं कथेत येई. दुसरा नियम असा की त्या वर्षी बाजारात चलती असलेले शब्द वापरायचे नाहीत, म्हणजे लिखाण शिळं होणार नाही. हा नियम शहाणपणाचा होता. आज साठ वर्षांनीही त्यातले संवाद कानाला म्हातारे वाटत नाहीत. आपल्याकडच्या दहा वर्षांपूर्वीच्या काही मालिका आज ऐकवत नाहीत, त्या यामुळेच.

पण लेखकाच्या घरात राहणाऱ्या माणसांचं काय होत असेल? या प्रश्नावर एक अख्खा भाग आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात खरा आहे. लॉराला, म्हणजे रॉबच्या बायकोला, त्याची पत्रं उघडायची सवय. रॉब वैतागून ऑफिसात ही गोष्ट बोलतो, आणि लेखकांच्या खोलीत बोललेलं फुकट जात नाही. नवऱ्याचं टपाल फोडणाऱ्या बायकोवर प्रहसन तयार होतं, टीव्हीवर दाखवलं जातं, आणि शेजारचे जेरी आणि मिली ते बघतात. बायकोची सवय चव्हाट्यावर! लॉरा भडकते. आपण तशी नाहीच, हे तिचं म्हणणं. मग एके दिवशी ती घरात एकटी असताना रॉबच्या नावाचं भलंथोरलं पार्सल येतं.

पुढची काही मिनिटं मेरी टायलर मूर या अभिनेत्रीने एकटीने खेळली आहेत. ती पार्सलकडे बघत नाही. मग ओझरतं बघते. दुसरीकडे जाते, परत येते. शेवटी बोटं दोरीपर्यंत पोचतातच. आत असते हवेने आपोआप फुगणारी रबरी होडी, आणि ती दिवाणखान्याच्या मधोमध फुस्स करत फुगायला लागते. लॉरा तिच्यावर पडते, तिला दाबते, आवरू बघते. होडी काही ऐकत नाही. तेवढ्यात नवरा घरी! ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, पण इथे लपवायचं भांडंच सोफ्याएवढं झालेलं.

मूरबाई त्या वेळी जेमतेम पंचविशीच्या, व्हॅन डाइकपेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्याआधी एका गुप्तहेर मालिकेत त्यांचे फक्त पाय आणि आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचले होते, चेहरा नाही. डॅनी थॉमस या निर्मात्याने आपल्या मालिकेतल्या मुलीच्या कामासाठी त्यांना एकदा नाकारलं होतं. कारण त्याच्या भल्या नाकापुढे ही चिमुकल्या नाकाची पोर त्याची मुलगी म्हणून खपली नसती. ही मालिका जुळवताना त्याला 'ती तीन नावांची मुलगी' आठवली. मग लॉरा झाल्यावर या बाईंनी घरात घोळदार झगा घालून केर काढायला नकार दिला. त्या घालायच्या घोट्याच्या वर संपणारी तंग कॅप्री पँट, कारण घरी बायका तेच घालतात. जाहिरातदारांच्या पोटात गोळा आला. तडजोड म्हणून भागात एखाद्याच प्रसंगी पँट चालेल असं ठरलं, आणि मग ती तडजोड सगळेच हळूहळू विसरले. नवरा-बायकोच्या शयनगृहात मात्र शेवटपर्यंत दोन वेगळ्या खाटाच राहिल्या. त्यांच्या मुलाचा, रिचीचा, जन्म प्रेक्षकांनी विश्वासावर मान्य केला.

या रिचीचं मधलं नाव काय ठेवायचं यावरून झालेला घोळ तर बघण्यासारखा आहे. आजी-आजोबा आणि गणगोत, प्रत्येकाचं आपलं एक नाव, आणि प्रत्येकाला खात्री की आपलंच लागणार. शेवटी रॉब सगळ्यांची आद्याक्षरं जोडतो : रॉबर्ट, ऑस्कर, सॅम, एडवर्ड, बेंजामिन, युलिसिस, डेव्हिड. पोराचं मधलं नाव होतं 'रोझबड', म्हणजे गुलाबाची कळी. बारशाला आत्याचा मान असता, तर कानात कुर्रर्र करून प्रश्न मिनिटात सुटला असता.

पहिल्या वर्षानंतर ही मालिका बंद होणार हे जवळपास ठरलं होतं. बघणारेच कमी. लेनर्ड उठून सिनसिनाटीला साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या दारात गेला, अर्धे पैसे मिळवले, उरलेल्या अर्ध्यांसाठी एका सिगारेट कंपनीला पटवलं. इतका निर्मळ संसार साबण आणि सिगारेट यांच्या जोरावर तगला. पुढे मालिकेला पंधरा एमी पुरस्कार मिळाले.

लेनर्ड आणि रायनर यांची खरी हिंमत १९६३च्या सप्टेंबरमध्ये दिसली. रॉबला आठवतं, रिची जन्मला तेव्हा इस्पितळात खोली क्रमांक २०३ आणि २०८ यांत सारखी गफलत होत होती. पेट्रींची फुलं पीटर्सकडे, पीटर्सचं खाणं पेट्रींकडे. मग मुलंही बदलली नसतील कशावरून? रॉब फोन करून पीटर्स दांपत्याला घरी बोलावतो. दार उघडतं, तर पीटर्स नवरा-बायको कृष्णवर्णीय! चेहरा बघावा तो रॉबचा. फोनवरच का नाही सांगितलंत, या प्रश्नावर मिस्टर पीटर्सचं उत्तर असं की मग हा चेहरा बघायला कसा मिळाला असता. वरच्या मंडळींनी हे नको म्हणून हात वर केले होते. प्रेक्षकांना खटकलं तर शेवट पुन्हा चित्रित करू, असं सांगून ते पटवावं लागलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला जेमतेम महिना होत होता. समोर बसलेले प्रेक्षक इतका वेळ हसत राहिले की प्रक्षेपणासाठी हशा कापावा लागला. त्या काळच्या टीव्हीवर गोरा माणूस हास्यास्पद ठरतो आणि काळा माणूस मिस्कील, हे फारसं घडत नसे.

सगळंच गोजिरवाणं होतं असं नाही. सॅली या तिघांत कदाचित सर्वात हुशार. पण टायपिंग तिच्याकडे, आणि जवळजवळ दर भागात नवरा मिळत नाही म्हणून तिची थट्टा. रोझ मेरी या अभिनेत्रीने ते इतक्या ठसक्यात केलं की आपण हसतो. पण हसून झाल्यावर वाटतं, या बाईला पाच वर्षांत एक मांजर सोडून लेखकांनी काहीच दिलं नाही.

घर आणि नोकरी यांची खरी टक्कर होते ती साहेबाच्या टोपावरून. लॉरा टीव्हीवरच्या एका खेळात जाते, सूत्रसंचालक तिला गोड बोलून गुंगवतो, आणि तिच्या तोंडून देशभर जाहीर होतं की ॲलन ब्रेडीला टक्कल आहे. नवऱ्याची नोकरी धोक्यात. ती एकटी साहेबाच्या ऑफिसात माफी मागायला जाते. टेबलावर नकली मुंडक्यांवर टोपांची रांग मांडलेली, आणि बोडक्या डोक्याचा ॲलन त्या टोपांशीच बोलत बसलेला. तुम्हाला बेकार करणारी बाई ती हीच, अशी तो त्यांना तिची ओळख करून देतो. आता या सगळ्यांचं करू काय, असं तो विचारतो. लॉरा घाबरत घाबरत सुचवते, गरजू टकल्यांना देऊन टाका. असा सल्ला फक्त घरचं माणूसच देऊ शकतं. ऑफिसातल्या एकाची छाती झाली नसती.

शेवटच्या भागात रॉब आत्मचरित्र लिहितो. प्रकाशक ते परत पाठवतो, पण ॲलन ब्रेडी म्हणतो की मी त्यावर मालिका काढतो, रॉबचं काम मीच करीन. म्हणजे १९६० मध्ये हुकलेली भूमिका रायनरने सहा वर्षांनी अशी खिशात घातली. मालिका चालू असतानाच, मागणी असतानाच, त्यांनी दुकान बंद केलं. पुढे रंगीत टीव्हीचा जमाना आला. हे १५८ भाग कृष्णधवलच चित्रित झाले होते, आणि त्यांचं काही अडलं नाही.

बघायची झाली तर टोपाच्या भागापासून सुरुवात करा, त्याचं नाव 'कोस्ट टू कोस्ट बिग माउथ'. नवरा-बायकोने एकत्र बसून बघायला हरकत नाही. मात्र दोघांपैकी एक जण लिहिणारा असेल, तर होडीचा भाग ज्याने-त्याने आपापला बघावा.