खोली रिकामी आहे, पण तुम्हाला नाही

पुण्यात भाड्याच्या घरांच्या जाहिरातींत एक ओळ सर्रास दिसते : ‘फॉरेनर्स नकोत.’ एजंट तेच जरा मऊ करून सांगतो, ‘सर, फ्लॅट रिकामा आहे, पण ओनर फॉरेनरला देत नाहीत.’ विचारणारा मुलगा सुदानचा किंवा नायजेरियाचा असला की मऊपणाही संपतो. ‘आफ्रिकन नको.’ बस. कारण कुणी सांगत नाही आणि मुलगाही विचारत नाही, कारण हे त्याने सकाळपासून चार ठिकाणी ऐकलेलं असतं.

असं सांगणाऱ्या कितीतरी घरांतली मुलं आज म्युनिकला, टोरांटोला, मेलबर्नला खोली शोधत फिरताहेत. रात्री व्हिडिओ कॉलवर आई काळजीने विचारते, ‘मिळाली का रे खोली? ती बाई तुला बघून नाही म्हणाली का?’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरातून एजंटला फोन जातो : आपल्यातलेच बघा, बाहेरचे नकोत. हे मला सहन होत नाही. आपल्या मुलाला परक्या शहरात जो नकार मिळतो तो अन्याय, आणि आपण देतो ती खबरदारी, असं कसं असेल?

बर्लिनला गेलेल्या मराठी मुलाची धावपळ आपल्याला तोंडपाठ असते. 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवायचे. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद आणायचा. मालक सही देत नाही, कचेरीची अपॉइंटमेंट मिळत नाही. नातेवाइकांत ही कहाणी सहा महिने चालते.

आता पुण्यात उतरलेल्या मुलीचं बघा. समजा, ती केनियाची आहे. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर तिला 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, पण त्यात पत्त्याचा पुरावा जोडायचा असतो. पत्त्यासाठी घर हवं आणि घरासाठी भाडेकरार. घरबसल्या होणारी कराराची नोंदणी आधारवर, बोटांच्या ठशांवर चालते. तिला आधार लगेच मिळत नाही, कारण मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाच तो मागता येतो. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात प्रत्यक्ष जायचं, आणि ‘आम्हाला एवढा वेळ नाही’ म्हणत मालक तिथेच मागे फिरतो. बँक खात्यासाठीही पत्ता, सिमकार्डासाठी इथल्या कुणाच्या तरी ओळखीचा नंबर. हे चौदा दिवस ती हॉटेलात काढते आणि घरून आणलेले पैसे तिथेच संपायला लागतात.

पैसे संपले तर कमवायची सोय नाही. कॅनडात आपला मुलगा सत्र चालू असताना आठवड्याला 24 तास काम करू शकतो, ब्रिटनमध्ये 20 तास. भारतातल्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. अनेक महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्यांची फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट असते, आणि तीही घरून येणाऱ्या पैशांवरच. ऑगस्ट 2021मध्ये काबूल पडलं, एप्रिल 2023मध्ये खार्टूममध्ये युद्ध पेटलं. त्या दोन्ही वेळी या शहरातल्या खोल्यांमध्ये अशी मुलं होती की ज्यांच्या घरचा पैसाच बंद झाला. त्यांना भाड्यासाठी एक महिना थांबणारा मालक भेटला की नाही, यावर त्यांची पदवी अवलंबून होती. थांबणारे मालक होते. मला ते माहीत आहेत आणि मी त्यांना मानतो.

कोंढवा, वानवडी, एनआयबीएमचा परिसर या मुलांना वर्षानुवर्षं घरं देत आलाय. म्हणून ती तिथे एकवटली. मग उरलेलं शहर म्हणतं, ‘ही मुलं आपापल्यातच राहतात, मिसळत नाहीत.’ अहो, मिसळायला कुणी जिन्यावर तरी उभं करायला हवं ना! कोथरूडमध्ये तुम्ही त्यांना घर देणार नाही, सदाशिव पेठेत विचारायची त्यांची हिंमत होणार नाही, आणि मिसळले नाहीत हा दोष त्यांचाच?

मालकांची भीती मी ऐकली आहे. ‘उद्या काही झालं तर पोलीस आमच्या दारात.’ या भीतीवर कायद्यानेच उपाय करून ठेवला आहे, त्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत घर देणाऱ्याने त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची. पैसे लागत नाहीत, कचेरीत जावं लागत नाही. माहिती भरलेला मालक कायद्याच्या बाजूने उभा असतो, लपवणारा अडचणीत येतो. तरीही मालक म्हणतात, ‘ते फार किचकट आहे.’ हेच मालक मुलाच्या व्हिसासाठी तीन वर्षांची बँक स्टेटमेंट्स, सीएचं प्रमाणपत्र आणि आजोबांच्या जमिनीचा सातबारा जमवतात.

दुसरी ढाल सोसायटीची. ‘आमचं काही नाही हो, कमिटी एनओसी देत नाही.’ आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. भाडेकरू ठेवला म्हणून आकारलं जाणारं शुल्कही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही. त्यात भाडेकरूच्या देशाचा प्रश्नच येत नाही. अध्यक्षांना उपविधी दाखवा. एकदाच वाद होईल, पण मग घर तुमचं राहील.

परराष्ट्र खात्याच्या 2024च्या आकड्यांनुसार 13 लाखांहून जास्त भारतीय विद्यार्थी परदेशांत होते. 2021-22च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात आपल्याकडे आलेले परदेशी विद्यार्थी 46,878, त्यांत सगळ्यांत जास्त शेजारच्या नेपाळचे. 2018 साली ‘स्टडी इन इंडिया’ सुरू करताना 2023पर्यंत दोन लाखांचं लक्ष्य ठेवलं होतं. ते का हुकलं यावर दिल्लीत अहवाल होत राहतील. एक कारण कर्वेनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुलूपबंद फ्लॅटमध्ये सापडेल.

आणि हे घडतंय आनंदीबाई जोश्यांनी शेवटचे दिवस काढले त्या गावात. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा तिला घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. नात्याच्या नाहीत, धर्माच्या नाहीत, देशाच्या नाहीत. दंतवैद्याकडे बसल्या असताना त्यांनी एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार वाचला होता, तेवढीच ओळख. त्यातून पत्रं सुरू झाली, आणि न्यू जर्सीतल्या रोझेलच्या आपल्या घरी त्यांनी या मुलीला नेलं. ती काय खाते, काय नेसते, शेजारी काय म्हणतील, यांतलं काहीही दाराशी आडवं आलं नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. 1886मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि 1887मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी या मावशीकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. आपण आनंदीबाईंवर नाटक करतो, सिनेमा काढतो, शाळेत धडा लावतो. कार्पेंटरबाईंकडून काय घ्यायचं, ते मात्र कुणी विचारत नाही.

लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं 10 क्रमांकाचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतलं, कारण बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना तिथे राहिले होते. त्याच्याही आधी, 1917 साली, परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आले तेव्हा त्याच बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. एका पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. परक्यांनी घर दिलं आणि आपल्यांनी नाकारलं, हा इतिहास महाराष्ट्राला कुणी नव्याने शिकवायला नको.

जून-जुलैत प्रवेश सुरू होतील. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी आत्ताच पोर्टलवर घराची नोंद करून ठेवावी. मुलगी आली की तिचा पासपोर्ट, व्हिसा, एक फोटो आणि आपला मोबाइल समोर घ्या, फॉर्म त्याच संध्याकाळी भरून होईल. पहिले चार दिवस बँकेत सोबत जा, बसचा नंबर सांगा, जवळचा दवाखाना दाखवा. आणि एजंटला आजच फोन करून जाहिरातीतली ती ओळ काढायला सांगा.