दोन पंचांगांचे तात्या

देवासला तात्यांच्या बैठकीत दोन खिळे आहेत. एकावर सोलापूरचे दाते पंचांग, दुसऱ्यावर उज्जैनचे. ज्या गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये 1948पर्यंत भिंतीला भिंत लावून नांदली, तिथल्या माणसाला दोन पंचांगे जड का जावीत?

आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्याचा पौर्णिमेला. गुरुपौर्णिमा उलटली की शेजाऱ्यांकडे सावन लागतो आणि तात्या मटणाची पिशवी शोधू लागतात.

"अहो, सावन लागला!" काकू म्हणतात.

"त्यांचा. आपण मराठी माणसं, आपला आषाढच चाललाय."

मग राखी होते. मराठी श्रावणाचा वद्य पक्ष अजून उरलेला असतो. पिशवी पुन्हा निघते.

"श्रावण संपू दे की!"

"तीनशे वर्षं होत आली इथलं मीठ खातोय आपण. इथं भादो लागला!"

दोन्ही पंचांगांचे एकमत होते ते मधल्या शुक्ल पंधरवड्यापुरते. तेवढा तात्या पाळतात, आणि तोही असा कडक की कांदा चिरल्याचा वास आला तरी खाकरतात. उज्जैनला महाकालाची सवारी सावन आणि भादो, दोन्हींतल्या सोमवारी निघते. देवाला ही सवलत नाही.

नातवाने एकदा मेक्सिकोकडच्या माया लोकांचे सांगितले. त्यांची एक गणना 260 दिवसांची, दुसरी 365 दिवसांची. दोन्ही बरोबरीने चालत आणि तीच जोडी पुन्हा जुळायला 52 वर्षे लागत. तात्या गहिवरले. "बावन्न वर्षांत एकदा एकमत! सुखी लोक रे!"

काकू मात्र धारच्या. तिथल्या भोजराजाच्या नावावर 1042चा 'राजमृगांक' हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ आहे, आणि काकू तो हुंड्यात आणल्यासारख्या वागतात. 2023ला अधिक श्रावण आला. अधिक महिना दोन्हीकडे अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरतात. उज्जैनवाले तो सावनच्या मधोमध बसवतात. काकूंनी दोन्ही पंचांगे खाली उतरवली, बोट ठेवून दाखवले: 18 जुलैपासून थेट राखीपर्यंत दोन्हीकडे श्रावण. दीड महिना! तात्यांनी तिसऱ्या पंचांगाची चौकशी केली म्हणतात.

तात्यांकडे रस्सा खायला जायचे असेल तर गुरुपौर्णिमेनंतरचा किंवा राखीनंतरचा पंधरवडा धरा. मध्ये गेलात तर साबुदाण्याची खिचडी मिळेल, आणि अधिक श्रावण असेल तर तात्यांशी बोलायलाही जाऊ नका.