दमानं

मे २०१८मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली आणि इकडे माझी झोप उडाली. मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी ही कालची पोरं! मी साठीला टेकलेला असलो, तरी शाळेत आठशे मीटरमध्ये दुसरा आलेला खेळाडू. (धावणारे तिघंच होते आणि एकाची चप्पल तुटली होती, हे मी सहसा सांगत नाही.) म्हटलं, शिखर राहू द्या, पायथ्याचा बेस कॅम्प तरी गाठू.

रामाळा तलावाकाठी रोज पहाटे पळू लागलो. चंद्रपूरची उंची जेमतेम दोनशे मीटर आणि मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर. थंडीचा सराव म्हणून बायकोनं कूलरमध्ये बर्फाची लादी ठेवली. कूलर बिघडला.

काठमांडूत जिकडंतिकडं देवनागरीतल्या पाट्या. वाटलं, घरीच आलो. ‘खाजा घर’ वाचून आत शिरलो, ऐटीत खाजा मागितला. समोर कोरडे पोहे आणि तिखट चटणी! तिथं खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. दोन्ही वेळा डाळभात मिळू लागल्यावर मात्र सोबतची मंडळी पोळीसाठी हळहळली. मी धानाच्या मुलखातला, दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

पुढं बेस कॅम्पच्या वाटेवर, नामचे गावाच्या चढावर माझ्यातला खेळाडू जागा झाला. चारजणांना मागं टाकून धावत सुटलो आणि वळणावरच्या दगडावर बसलो तो बसलोच. छातीत भाता, डोळ्यांपुढं काजवे. तेवढ्यात कपाळावर नाम्लोचा पट्टा लावून पाठीवर प्लायवुडच्या फळ्या घेतलेला एक हमाल गुणगुणत पुढं गेला. जाताना म्हणाला, “बिस्तारै, बा!”

दर वळणावर हेच घडलं. मी पळायचो, बसायचो. तो चालायचा आणि गाठायचा. शेवटी गाईडला विचारलं, “बिस्तारै म्हणजे काय रे?” त्यानं पाऊल उचललं, श्वास घेतला, पाऊल टेकवलं.

अरे, हे तर आमचं ‘दमानं’! ताडोब्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की वाघ दिसला तर पळायचं नाही, दमानं मागं सरकायचं. रानातून आलेल्या त्या पाच पोरांना हे कुणी शिकवावं लागलं नसेल. मला मात्र मास्तरांनी नुसती शिट्टी वाजवून पळायला लावलं होतं.

बेस कॅम्पला, ५,३६४ मीटरवर, मी पोचलो तो सगळ्यांच्या शेवटी. हमाल केव्हाच खाली उतरायला लागला होता.

परवा तलावाकाठी शेजारच्या पोरानं मला मागं टाकलं. वळून म्हणाला, “दमले का, काका?”

“नाही रे बा,” मी म्हणालो, “दमानं चाललो.”