लोखंडी चूल घरी आणणे व बसवणे : संबंधितांसाठी सूचना

सदर सूचना जालना शहर व जिल्ह्यातल्या अशा सर्व कुटुंबांना लागू आहेत, जिथे गॅसची शेगडी व्यवस्थित चालू असून कर्त्या पुरुषाला निवृत्तीनंतर चुलीवरच्या भाकरीची आठवण येऊ लागली आहे. ज्यांच्या घरी चूल रोजच पेटते त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांना यातलं सगळं माहीत असतं आणि अशी आठवण त्यांना येत नाही.

1. निदान. आजाराची सुरुवात बहुधा संभाजीनगर रोडवरच्या एखाद्या ढाब्यावर होते. 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसते, गाडी थांबते, आणि जेवून हात धुताना आमचे हे शून्यात बघत म्हणतात, "चव म्हणजे हीच." ज्याने उभ्या आयुष्यात फुंकणी हातात धरली नाही, ज्याच्या डोळ्यांत चुलीचा धूर फक्त पाणी मागायला स्वयंपाकघरात डोकावताना गेला, त्याला हा आजार जोरात होतो. औषध नाही. घरच्यांनी धीर धरावा आणि उंबऱ्याची रुंदी मोजून ठेवावी, ती सूचना 3 मध्ये लागेल.

वाद घालायचा असल्यास इतिहास मदतीला घ्यावा. उपयोग होत नाही, पण मन हलकं होतं. धूर स्वयंपाकघराबाहेर घालवण्याची खटपट आजची नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास मगन चूल निघाली. आपला जालना हैदराबाद राज्यात होता तेव्हा हैदराबादच्याच अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडं जोडलेली चूल केली आणि कोट्यवधी घरांचं स्वयंपाकघर निर्धूर कसं होईल यावर 1953 साली इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. 1980च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, 2002 मध्ये आटोपला. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना निघाली. म्हणजे बायकांच्या डोळ्यांतला धूर काढायला एवढी सरकारं, एवढे शास्त्रज्ञ आणि एवढी वर्षं लागली. तो परत घरात आणायला आमच्याकडे एक ढाबा पुरला.

आणि एक गोष्ट, सूचनांच्या बाहेरची. शेतवस्तीवरच्या बाया आजही एक टाकी पुरवून पुरवून वापरतात, बाकीचं पऱ्हाट्यांवर उरकतात. त्यांना थांबून "चव कशी आहे हो?" असं कोणी विचारत नाही.

2. कारागीर व पत्रा. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं, त्यामुळे गल्लोगल्ली वेल्डिंगवाला आहे आणि प्रत्येक वेल्डिंगवाला चूल करून देतो. मात्र काम किलोवर असतं हे ध्यानात ठेवावं. "जाड प्लेट घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकते" हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वजनकाटा असतो. हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर लोखंडी पत्रा, जाडी एक एमएम, वजन 7.85 किलो. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी पेटी तीन एमएममध्ये केली तर साधारण 40 किलो भरते. सहा एमएममध्ये 80च्या वर जाते. जाळी, पाय, दार आणि धुराड्याचा पाइप वेगळे. शहाणा माणूस वरची प्लेट तेवढी जाड घेतो, कारण तापून बाक धरते ती तीच; बाजू तीन एमएमच्या पुरतात. आमच्याकडे सगळंच सहा एमएम आहे. "चूल एकदाच होते," असं यांचं म्हणणं पडलं. हे वाक्य त्यांनी लग्नाबद्दल आजवर कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, माहेर भोकरदनकडचं. त्यांनी नव्या चुलीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून पाहिलं, लावलं, आणि म्हणाल्या, "आगं माय, ही चूल हाये का तिजुरी? अन् कामून आणली?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही.

3. वाहतूक. छोटा हत्ती बोलवावा. चूल गाडीत चढवण्याआधी दार, जाळी, वरची झाकणं, राखेचं ताट, जे जे निघतं ते काढून पोत्यात भरावं. उघडझाप करणारं दार वाटेत एखाद्याच्या बोटांवर मिटतंच. पाय वर, पाठ खाली अशी कधी ठेवू नये. खाली बारदान अंथरावं, वरून दोर आवळावा. घराशी आल्यावर चूल ओढायची नाही, ओढली की शहाबादी फरशीवर कायमची रेघ उमटते आणि ती रेघ रोज झाडणाऱ्या बाईला रोज दिसते. चूल एका बाजूने किंचित कलवायची, एक कोपरा पुढे, मग दुसरा कोपरा पुढे, अशी डुलवत न्यायची. लांब पल्ला असेल तर खाली पाइपाचे तीन तुकडे घालावेत : चूल पुढे सरकते, मागचा मोकळा झालेला पाइप उचलून पुढे ठेवायचा. उंबऱ्याला फळीचा उतार. उचलायची वेळ आलीच तर गुडघ्यांतून वाकावं, कमरेतून नाही.

हे सगळं मोंढ्यातल्या हमालांना पाठ असतं. त्यांना ते सांगायला जाऊ नये.

पण इथेच एका वेगळ्या मनुष्यविशेषाची दखल घ्यावी लागते. तो हात लावत नाही. तो दोन पावलं मागे, हात कमरेवर ठेवून उभा असतो. चौघांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या असतात, त्या नेमक्या क्षणी तो म्हणतो, "जरा डावीकडे." कोणाच्या डावीकडे हे तो सांगत नाही. समोरासमोर तोंड करून उभे असलेले चौघे आपापल्या डावीकडे जातात, चूल जागेवर गरकन फिरते, आणि तो म्हणतो, "मी काय सांगत होतो!" कपाट आणलं तेव्हा, फ्रिज आणला तेव्हा, मुलीच्या लग्नात मांडवाचा खांब हलवला तेव्हा, हाच आवाज, हीच कंबर, हेच हात. या वेळी एका वयस्क हमालाने मान न वळवता सांगितलं, "काका, तुम्ही तेवढे दारातून सरका, तेवढंच वजन कमी." मी त्या माणसाला चहासोबत बालूशाही दिली.

4. हमालांचा चहा गॅसवर करावा.

5. जागा. वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेय कोपरा, हे सगळ्यांना माहीत असतं, ज्यांना विचारलेलं नसतं त्यांना अधिक. मला विचाराल तर चूल जिथे पाइप सरळ वर जाऊ शकतो तिथे बसवावी. धुराड्याला जेवढी वळणं, तेवढा धूर मागे फिरतो. एक वळण सहन होतं, दोन झाली की डोळे चुरचुरतात. भिंतीपासून वीतभर नाही, चांगलं हातभर अंतर सोडावं, लाकडी चौकटीपासून आणखी लांब. खाली विटांचा थर व फरशी, आणि पाणसळ लावून समतल. चूल कलती राहिली तर आमटी पातेल्याच्या एकाच काठाला ऊतू जाते.

मागच्या खोलीवर पत्रे आहेत म्हणून पाइप काढणं सोपं, असं वाटतं. भोक पत्र्याच्या फुगीर उंचवट्यावर पाडावं, पन्हळात पाडलं तर पहिल्या पावसाचं पाणी थेट चुलीत. पत्र्याच्या वर निदान दोन फूट तरी पाइप हवा, नाहीतर वारा पत्र्यावर आपटून धूर खाली दाबतो. वर टोपी. आणि पाइपाचे तुकडे जोडताना वरच्या पाइपाचं तोंड खालच्यात बसवावं. बहुतेक लोक उलट बसवतात, दिसायला ठीक दिसतं, पण धुराचं काळं डांबरी पाणी सांध्यातून बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या भिंतीवर ओघळतं.

शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत आहेत का, हे पाइपाची उंची ठरवण्यापूर्वी बघून घ्यावं. याबाबत अधिक लिहीत नाही. शेजारीण सध्या बोलते आहे.

6. पहिला जाळ. अंगणात, चूल आत नेण्यापूर्वी. रंगाचा वास जळून जाईपर्यंत त्यावर काहीही शिजवू नये. तापलेल्या लोखंडावर पाणी टाकू नये. आत बसवल्यावर, थंड पाइप धूर ओढत नाही, म्हणून लाकडं पेटवण्याआधी धुराड्याच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवावा. पाइप गरम झाला की ओढ लागते. हा उपाय मला आत्याबाईंनी सांगितला, ज्यांच्या माळवदाच्या घरात धुराडं नव्हतं, नुसतं साणं होतं. त्यांना कसं कळलं, देव जाणे.

7. जळण. बाभूळ सर्वांत उत्तम, निखारा धरते. मोसंबीची छाटणी अंबडकडून कोणी आणून दिली तर नाही म्हणू नये. पऱ्हाट्या व तुराट्या भडकन पेटतात आणि भाकरी उलटेपर्यंत विझतात, म्हणून त्या नुसत्या पेटवणीला. पण कपाशीच्या पऱ्हाट्यांची गंजी बांधावर पडू दिली तर गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात परत येते. तेव्हा त्या चुलीत घालणं हे शेतीचंही काम आहे. हे यांना सांगू नका. ते गंजीच विकत आणतील.

8. भाकरी. ज्यासाठी हा खटाटोप, ती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, सुकलं की उलटली, दुसरी बाजू भाजली. इथवर सगळ्या चुली सारख्या. मग तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी टेकवायची आणि बोटांनी फिरवत राहायची. कडेने वाफ धरते, पापुद्रा सुटतो, टम्म फुगते. चुलीवरची चव म्हणतात ती या शेवटच्या अर्ध्या मिनिटात असते. लोखंडी पेटीला मात्र तोंडाशी दार असतं, आणि निखारे जाळीतून खाली राखेच्या ताटात पडतात. भाकरी टेकवायला जागाच नाही. आत्याबाई भाकरी हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टेकवू कुठं, तुझ्या नवऱ्याच्या टाळूवर?"

तरी उपाय आहे. वेल्डिंगवाल्याकडून तोंडापुढे वीतभर रुंदीचा लोखंडी ओटा काढून घ्यावा, दार उघडं ठेवावं आणि उलथन्याने निखारे जाळीवरून पुढे ओढून त्या ओट्यावर पसरावेत. आम्ही तो नंतर जोडून घेतला. आता भाकरी फुगते. खरं सांगते, चांगली लागते. हे वाक्य त्यांना वाचून दाखवणार नाही.

9. हंडा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आत्याबाईंच्या अंघोळीचं पाणी या चुलीवर तापतं आणि ते हे तापवतात. कानटोपी घालून, स्टुलावर बसून, फुंकणी उलटी धरून. दोन्हीकडून वारा जातो, म्हणून मी सांगितलेलं नाही.

10. देखभाल. राख गार झाल्यावरच काढावी, दिसायला गार असली तरी आत इंगळ असतो. प्लास्टिकच्या बादलीत तर मुळीच नाही. महिन्यातून एकदा आणि पावसाळ्याआधी न चुकता धुराडं झाडावं : बांबूला बारदान गुंडाळून वरून खाली, गोल फिरवत. काजळी साचू दिली तर एखाद्या दिवशी पाइपातच पेट घेते. त्यासाठी पत्र्यावर चढावं लागतं, आणि पत्र्यावर चढताना पाय नेहमी खिळ्यांच्या रेषेवर टाकावा, कारण खाली आडवी पट्टी तिथेच असते. चढायचं काम ज्याने चूल आणली त्याचं. शिडी मी धरते, आणि त्यांचा बांबू धुराड्याच्या तोंडाशी चाचपडायला लागला की खालून सांगते, "जरा डावीकडे."